पिशवी काढा, नाहीतर सहन करा

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. आणि पुरुष मंडळींनी "बायकांचं काहीतरी दिसते" म्हणून पुढं सरकू नये. हा विषय तुमच्याच घरी रात्री दोन वाजता पंखा पाचवर करून बसलेला असतो.

संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारी २०२६ ला, राज्य सरकारनं सरकारी रुग्णालयांत मेनोपॉज क्लिनिक सुरू केली. आरोग्य राज्यमंत्री मेघना बोर्डीकर यांच्या पुढाकारानं. पाळी जाण्याच्या वयातल्या बायांना एका जागी तपासणी, सल्ला, औषध मिळावं हा हेतू. मी त्या बातमीच्या चार ओळी इथं टाकल्या. लाईक आले, हात जोडलेले दोन-तीन आले, कॉमेंटमध्ये कोणी एक शब्द बोललं नाही. पण त्या आठवड्यात इनबॉक्समध्ये अकरा मेसेज आले. नऊ बायांचे, दोन नवऱ्यांचे. पीकविम्यावर लिहिलं, रस्त्यावर लिहिलं की आपले लोक कॉमेंटमध्ये एकमेकांची कॉलर धरतात. इथं अकरा जण कानात येऊन बोलले.

सगळ्यांचा प्रश्न थोडाबहुत एकच. ताई, त्या हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या का? त्यानं कॅन्सर होते म्हणतात ना?

मी डॉक्टर नाही. माझा डिप्लोमा पत्रकारितेचा आहे. कोणी काय घ्यावं हे मी सांगणार नाही. पण कोणत्या बाईला काय चालतं, काय चालत नाही हे ठरतं कसं, हे विचारून-वाचून समजण्यासारखं आहे. आणि ते आपल्याला कोणी सांगत नाही याचा मला राग आहे. त्या रागातूनच हे लिहिते आहे.

आपल्याकडं चाळिशी ओलांडलेल्या बाईला दोनच सल्ले मिळतात. पहिला, सहन कर, सगळ्यांनाच होते. दुसरा, पिशवी काढून टाक.

माझ्या मोठ्या जावेला दुसरा मिळाला. वय ४३. पाळीचा नेम राहिला नव्हता, अंगावरून खूप जायचं. एका खासगी दवाखान्यात नेलं (नाव लिहीत नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका). सोनोग्राफी झाली आणि "पिशवीले सूज आहे, पुढं कॅन्सर होऊ शकते" या एका वाक्यावर ऑपरेशनची तारीख मिळाली. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयही काढले. कागदावर तसं लिहिलेलं आहे. तोंडानं कोणी सांगितलं नाही. मला ते डिस्चार्ज कार्ड वाचताना कळलं, तिला माझ्याकडून कळलं.

टाके सुकायच्या आत तिच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. छातीतून उठायच्या, मानेवरून डोक्यात जायच्या, मिनिटभरात ब्लाऊज ओला. रात्री तीन-चारदा उठून बसायची. कापूस वेचायला गेली की ओला दुपट्टा डोक्यावर. मला म्हणाली, "मले वाटलं पिशवी गेली म्हनजे झंझट गेली. हे काय नवीन लागलं मांगं?" परत त्याच दवाखान्यात गेलो तर उत्तर मिळालं: होते तसं, कॅल्शियम घ्या.

आता यात काय झालं ते सांगते. बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन मुख्यतः अंडाशयात तयार होतं. पाळी आपल्या वयानं जाते तेव्हा ते काही वर्षांत, कमी-जास्त होत, खाली येतं. विहीर उन्हाळ्यात आटत जाते तसं. अंडाशय काढले की तीच विहीर एका दुपारी बुजवली जाते. म्हणून ऑपरेशननंतरचा त्रास जास्त जोराचा असतो. कमी वयात असं झालं तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. अशा बाईला, तिला हार्मोन न चालण्याचं दुसरं काही कारण नसेल तर, पाळी जाण्याचं नेहमीचं वय येईपर्यंत तरी इस्ट्रोजेन द्यावं, हा सल्ला जगभरच्या तज्ज्ञ संघटना देतात. आणि जिची पिशवी काढली आहे तिची निवड सगळ्यात सोपी असते, कारण तिला एकटं इस्ट्रोजेन चालतं. दुसरं हार्मोन जोडावं लागत नाही. म्हणजे जिला औषध द्यायला सगळ्यात सोपं होतं, तिलाच कॅल्शियम देऊन घरी पाठवलं.

ही एका जावेची गोष्ट असती तर मी घरातच ठेवली असती. पण बीड जिल्हा आठवा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा बायांत एक. पुष्कळशा चाळिशीच्या आतल्या. तेव्हा चॅनेलवाल्यांनी कॅमेरे नेले, आम्ही छोट्या पेपरवाल्यांनीही अग्रलेख पाडले. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सगळ्या राज्यांना सांगितलं की गरज नसताना पिशवी काढण्याला आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. चांगलं झालं. पण त्या सगळ्या गदारोळात, माझ्या लिखाणासकट, एक प्रश्न राहून गेला. ज्यांची काढली त्यांचं पुढं काय? त्या १३,८६१ जणींना कोणी विचारलं का, की बाई तुझे अंडाशय ठेवले की नेले, तुला झोप लागते का, तुझी हाडं कोण पाहणार आहे? ऑपरेशनची बातमी होते. ऑपरेशननंतरच्या वीस वर्षांची होत नाही.

आणि मुळात अंगावरून जास्त जातं याला पिशवी काढणं हाच एक इलाज आहे असंही नाही. गोळ्या आहेत. हार्मोनवाली तांबी आहे. ती गर्भाशयात बसवली की रक्तस्राव पुष्कळ कमी होतो, काही वर्षं चालते, आणि पुढं बाईला इस्ट्रोजेन घ्यायचं ठरलं तर पिशवीच्या अस्तराचं रक्षणही तीच करते. माझ्या जावेला ही तांबी शक्य होती की नव्हती, मला माहीत नाही. तिच्यासमोर तिचं नाव कोणी काढलं नाही, एवढं माहीत आहे.

आता माझं. मी ४७ ची आहे. आपल्याकडच्या बायांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्य देशांत ५१ च्या आसपास. म्हणजे मी अगदी वेळेवर. गेल्या वर्षी एका बैठकीत नोंदी घेता घेता समोरच्या अधिकाऱ्याचं नावच आठवेना. चेहरा लाल, पाठीवरून घामाच्या धारा, शेजारचा वार्ताहर म्हणाला, "मॅडम, बीपी वाढला का?" मी हो म्हटलं. बीपी म्हणायला लाज वाटत नाही ना.

एका डॉक्टरकडं गेले. शिकलेले, भले गृहस्थ. मी हार्मोन थेरपीचं विचारलं तर मान हलवली. "नको त्या भानगडीत पडू, कॅन्सर होतो." आणि झोपेची गोळी लिहून दिली.

हे वाक्य येतं कुठून, ते शोधलं. अमेरिकेत वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास झाला. पिशवी शाबूत असलेल्या १६,६०८ बायांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशा जोडगोळीची परीक्षा चालली होती. जुलै २००२ मध्ये ती अर्ध्यात थांबवली, कारण स्तनाचा कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढलेल्या दिसल्या. जगभर मथळे झाले. लाखो बायांनी गोळ्या फेकल्या, डॉक्टरांनी लिहिणं सोडलं. आमचा धंदा मथळ्याचा, मला त्याची ताकद माहीत आहे.

मथळ्याखाली काय होतं ते ऐका. वाढ किती? दहा हजार बायांनी वर्षभर ती गोळी घेतली तर स्तनाच्या कॅन्सरच्या ८ केसेस जास्त. ३० च्या ठिकाणी ३८. वाढ खरी आहे, ती मी लपवणार नाही, आणि वर्षं जातात तशी ती वाढत जाते. पण "कॅन्सर होतो" या वाक्यात आणि "दहा हजारांत आठ जास्त" या वाक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं, त्या बायांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. आपण बोलतोय ४५ ते ५५ च्या बाईबद्दल. तिसरं, ज्यांची पिशवी काढलेली होती आणि ज्यांनी एकटं इस्ट्रोजेन घेतलं, त्यांचा वेगळा गट होता. तोही २००४ मध्ये थांबवला, पक्षाघाताचा धोका दिसला म्हणून. पण त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नव्हता, पुढच्या वर्षांच्या नोंदीत तर कमीच दिसला. आणि चौथं, त्यात वापरलेलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मुतातून काढलेलं होतं. हसू नका, खरं आहे, त्या गोळीच्या इंग्रजी नावातच घोडी आणि मूत दोन्ही आहेत. आज जास्त वापरलं जाणारं इस्ट्राडायॉल बाईच्या अंगातल्यासारखंच असतं, सोयाबीन किंवा रताळ्यासारख्या एका कंदापासून सुरुवात करून कारखान्यात बनवतात. (म्हणून सोयाबीन फाकून हार्मोन मिळतं असं समजू नका. तसं असतं तर आख्खा वर्धा जिल्हा ठणठणीत असता.)

गेल्या नोव्हेंबरात, २०२५ मध्ये, अमेरिकेच्या औषध खात्यानंच या औषधांच्या पाकिटावरचा हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर वगैरेंचा चौकटीतला ठळक इशारा काढायचं जाहीर केलं. पिशवी असताना एकटं इस्ट्रोजेन घेतलं तर अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो, तो इशारा मात्र ठेवला. तेवीस वर्षं लागली. त्या तेवीस वर्षांत किती बाया झोपेच्या गोळीवर काढल्या गेल्या, कोण मोजणार.

आणि ज्या घरात हार्मोन म्हटलं की कॅन्सर आठवतो, त्याच घरात महालक्ष्म्या बसायच्या आठ दिवस आधी सून मेडिकलमध्ये जाऊन पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या पुडीत बांधून आणते की नाही? चिठ्ठी नाही, बीपी पाहिलेला नाही, काही नाही. तेही हार्मोनच आहे बाप्पा. देवासाठी चालतं, झोपेसाठी चालत नाही.

आता निवड कशी होते ते. हे मी दोन स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून आणि वाचून लिहिते आहे. तुमच्या डॉक्टरांनी हे प्रश्न विचारले नाहीत तर तुम्ही स्वतःहून सांगा.

पहिला प्रश्न पिशवीचा. पिशवी आहे तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. एकट्या इस्ट्रोजेननं आतलं अस्तर वाढत राहतं आणि तिथून कॅन्सरची वाट निघते. पाळी अजून अधूनमधून येत असेल तर प्रोजेस्टेरॉन महिन्यातले बारा-चौदा दिवस देतात, मग पाळीसारखं जातं. पाळी जाऊन वर्ष झालं असेल तर दोन्ही रोज. पिशवी काढलेली असेल तर सहसा एकटं इस्ट्रोजेन. म्हणून शेजारणीची गोळी घ्यायची नाही. तिची पिशवी गेलेली आहे, तुमची नाही. मला आलेल्या नऊ मेसेजपैकी एकीनं हेच केलं होतं, बहिणीची चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून गोळ्या आणल्या होत्या. तिला मी त्याच रात्री फोन केला.

दुसरा प्रश्न वेळेचा. वय साठच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत, त्रास खरोखरचा आहे, तर फायद्याचं पारडं बहुतेकींसाठी जड असतं. ६५ व्या वर्षी पहिल्यांदा सुरू करणं वेगळी गोष्ट, तिथं धोका वाढतो.

तिसरा, आधीचं आजारपण. स्तनाचा कॅन्सर झालेला, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेलेला, लिव्हरचा चालू आजार, यांना साधारणपणे ही औषधं देत नाहीत. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर हार्मोन राहू द्या बाजूला, आधी तपासणी. एक थेंब दिसला तरी. "पुन्हा पाळी आली, चांगलं झालं" असं आपल्याकडं म्हणणाऱ्या बाया आहेत, मी स्वतः ऐकलं आहे. तो कॅन्सरचा पहिला निरोप असू शकतो. बहुतेकदा नसतो, पण पाहिल्याशिवाय कळत नाही.

चौथा, कोणत्या रूपात. गोळी पोटातून लिव्हरमधून जाते, त्यामुळे गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो. तेच इस्ट्रोजेन जेल म्हणून दंडाला-मांडीला चोळलं किंवा चिकटपट्टी लावली तर तो धोका वाढलेला आढळत नाही. वजन जास्त आहे, बीपी आहे, शुगर आहे अशा बाईसाठी हा फरक मोठा. आणि सांगा, आपल्याकडच्या पन्नाशीच्या बायांत यातलं एकही नाही अशा किती?

पाचवा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्यालाही लाज वाटते. त्रास खालचाच आहे का? कोरडेपणा, जळजळ, सारखी लघवीला जाणं, पुन्हा पुन्हा लघवीचं इन्फेक्शन, संबंधाच्या वेळी दुखणं. दोन नवऱ्यांच्या मेसेजपैकी एक याच्यावरच होता. त्यानं लिहिलं होतं, "बायको जवळ येऊ देत नाही, तिचं मन उडालं का?" दादा, मन उडालं नसेल. दुखत असेल. यासाठी अख्ख्या अंगात हार्मोन घालायचीही गरज नसते. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं, ते अंगात फारच थोडं शोषलं जातं, सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. वाफा मात्र त्यानं थांबत नाहीत. ज्यांना हार्मोन चालतच नाही त्यांच्या वाफांसाठी बिनहार्मोनची औषधंही आहेत, नैराश्याच्या औषधांतली काही कमी डोसमध्ये देतात. म्हणजे "चालत नाही" याचा अर्थ "घरी जा" असा होत नाही.

सुरू केलं की विसरायचं असंही नाही. तीन महिन्यांनी दाखवायचं, मग वर्षातून एकदा, दरवेळी विचारायचं अजून लागते का. सुरुवातीला छाती दुखणं, थोडं स्पॉटिंग होऊ शकतं. आणि ही गर्भनिरोधक गोळी नव्हे, डोस वेगळा, काम वेगळं.

एवढंच आहे. एक सिस्टर, एक डॉक्टर, एक बीपीचं मशीन आणि पंधरा मिनिटं. ४५ नंतरच्या बाईला पाळीचा हिशेब आणि त्रास ऐकूनच निदान होतं, हजारो रुपयांचं "हार्मोन प्रोफाईल" बहुतेकींना लागत नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड पाहणं ठीक, कारण थायरॉईडचा त्रास असाच दिसतो. पण पॅकेज विकणारे लॅबवाले आता मेनोपॉज पॅकेज विकणार आहेत, लिहून ठेवा. पावडरवाले तर आधीच बसले आहेत. "हार्मोन बॅलन्स" लिहिलेला गुलाबी डबा मी तीन घरांत पाहिला. डब्यावर मात्रा नाही, कशानं बॅलन्स होते ते नाही, विकणारी घरातलीच, त्यामुळे कोणी बोलत नाही.

आणि आता उलटा वाराही सुटला आहे. हार्मोन घ्या, तरुण राहा, केस दाट, कातडी तुळतुळीत, म्हातारपणी विसरभोळेपणा नाही, असे रील फिरताहेत. तेही खोटंच. हृदयविकार टाळायला किंवा स्मरणशक्ती टिकवायला म्हणून धडधाकट बाईनं हे सुरू करावं याला पुरेसा आधार नाही. जिला काही त्रास नाही तिला काही घ्यायची गरज नाही. अशा पुष्कळ बाया असतात, माझ्या सासूबाई त्यातल्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "सुटलो बाई एकदाचं." कारण पाळी गेली म्हणजे बाहेर बसणं गेलं, देवघर मोकळं झालं, लोणच्याला हात लावता आला. मला वाटतं आपल्या बाया वाफांबद्दल बोलत नाहीत याचं हेही एक कारण आहे. जी गोष्ट सुटका म्हणून आली तिच्याबद्दल तक्रार कशी करायची?

"आमच्या आज्या कुठं गोळ्या घेत होत्या?" हा प्रश्न कॉमेंटमध्ये येणार आहे, म्हणून आधीच उत्तर देते. घेत नव्हत्या. माझी आजी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, चार महिने खाटेवर होती आणि तिथूनच गेली. तिला वाफा येत होत्या का हे कोणी विचारलं नाही, त्यामुळे येत नव्हत्या असं आपण धरतो. मोतीबिंदूही निसर्गच आहे. त्याचं शिबिर असलं की आपण ट्रॅक्टर भरून म्हातारी माणसं नेतो. तिथं निसर्गाचं कोणी नाव काढत नाही.

आता सरकारकडं वळते. क्लिनिक सुरू केलं, अभिनंदन, मनापासून. पण देशाचा जो मोठा कुटुंब आरोग्य सर्व्हे होतो त्यात बायांच्या मुलाखती घेतात १५ ते ४९ वयाच्या. पन्नासावं लागलं की बाई यादीतून गेली. गावात आशाताईंकडं गरोदर बाईचं रजिस्टर आहे, बाळाच्या लसीचं आहे. तिशीपुढच्यांचा एक फॉर्म भरतात, बीपी-शुगर-कॅन्सरच्या तपासणीसाठी. त्यात पाळी गेल्यावर रक्त जातं का हा प्रश्न आहे, आणि तो फार चांगला प्रश्न आहे. वाफा येतात का, हा मला त्यात सापडला नाही. एक ओळ वाढवायला किती कागद लागतो?

आणि आपल्या आंजीचं तर विशेषच आहे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आपल्या गावात आहे. १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी ते कॉलेज खेड्यासाठी डॉक्टर घडवायला काढलं, आणि त्यांची पोरं आपल्या गल्लीत येऊन शिकतात. आपल्या घराघरांतून माहिती नेऊन शोधनिबंध लिहिले जातात. एका बाजूला सेवाग्राम, दुसऱ्या बाजूला सावंगी मेघे, एवढ्याशा जिल्ह्यात दोन मेडिकल कॉलेज. गडचिरोलीच्या बाईनं सांगितलं की माझ्याजवळ कोणी नाही, तर मी मान खाली घालीन. आंजीच्या बाईला हे सांगायची पाळी का यावी? वर्ध्याला जायचं म्हणजे एसटीची वाट पाहणं आणि एका दिवसाची मजुरी बुडवणं. वाफांसाठी कोणती बाई मजुरी बुडवेल? वेचणीच्या दिवसांत तर ताप आला तरी बुडवत नाही.

मी इथं वाडीतल्या पाच-सहा बायांना विचारलं, क्लिनिकबद्दल ऐकलं का. एकीनं ऐकलं होतं, टीव्हीवर. तिला वाटलं ते मुंबईच्या बायांसाठी आहे.

म्हणून माझे प्रश्न, लेखी देणार आहे, इथंही टाकते. वर्ध्याच्या सामान्य रुग्णालयातलं क्लिनिक कोणत्या वारी, कोणत्या खोलीत? तिथं इस्ट्रोजेनची गोळी, जेल, योनीत लावायचं मलम आणि प्रोजेस्टेरॉन औषधांच्या खिडकीवर मिळतं, की बाहेरची चिठ्ठी देतात? बाहेरची देत असतील तर ते क्लिनिक पाटीपुरतं आहे असं मी लिहीन, आणि पुन्हा पुन्हा लिहीन. आंजीच्या केंद्रात महिन्यातून एक दिवस तज्ज्ञ बसू शकतात का? जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत चाळिशीच्या आतल्या किती बायांची पिशवी काढली, आणि त्यातल्या किती जणींचे अंडाशयही? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज तयार आहे.

माझ्या जावेला घेऊन पुढच्या आठवड्यात वर्ध्याला जाते आहे. डिस्चार्ज कार्ड, जुनी सोनोग्राफी आणि तिच्या वाफांची वही सोबत. किती वाजता, किती वेळ, रात्री कितीदा, पंधरा दिवसांचा हिशेब तिनं स्वतः लिहिला आहे. चौथी शिकलेली बाई, वेचणीच्या किलोंचा हिशेब ठेवते तसाच ठेवला. मी माझी वही अजून सुरू केलेली नाही, आज रात्रीपासून करते. ज्या अकरा जणांनी मेसेज केले त्यांनी नाव न टाकता वयं आणि प्रश्न पाठवा, तिथं गेल्यावर विचारून येते. जे उत्तर मिळेल ते याच पोस्टखाली टाकीन. काहीच मिळालं नाही, तर तेही टाकीन.